रेल्वेने आधी दगड वाहिला, माणसं नंतर



संशोधनाच्या तयारीत असलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "विषय तर सापडला, पण त्यात नवीन काय सांगायचं ते कसं शोधायचं?" आज त्याचं उत्तर माझ्याच एका चुकीतून देतो. चूक फार मोठी नव्हती, एका शब्दाची होती. पण त्या शब्दाने माझं एक अख्खं प्रकरण बदललं.

माझी थोडी पार्श्वभूमी सांगतो. एम.एस्सी. भूशास्त्रात केली. पीएच.डी.चा विषय आहे आपल्याकडच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची वाहतूक: खाणीतून निघालेला दगड बांधकामापर्यंत कसा पोचत होता, आणि ती पद्धत काळानुसार कशी बदलली. शिवाय मी लहानपणापासून रेल्वेवेडा. चिंचवड स्टेशनच्या पुलावर उभं राहून मालगाडीच्या वाघिणी मोजणं हा आमचा शाळकरी वयातला फुकटचा उद्योग होता. त्यामुळे दगड आणि रेल्वे एकत्र आले की मला आपलं सगळं माहीत आहे असं वाटायचं.

तर माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं: "भारतात रेल्वेची सुरुवात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर झाली. त्यानंतर दगड, खडी, माती यांच्या वाहतुकीसाठीही तिचा उपयोग होऊ लागला."

मार्गदर्शक मॅडमनी 'त्यानंतर' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समोर एवढंच लिहिलं: "कशावरून?"

मी मनात म्हटलं, हे काय विचारणं झालं! शाळेतल्या पोरालाही १८५३ पाठ असतं. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. पण मॅडमनी १८५३ बद्दल विचारलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न 'त्यानंतर'बद्दल होता. आधी प्रवासी आले आणि मग दगड आला, हा क्रम मी कुठे वाचला होता? कुठेच नाही. तो मी मनाने लावला होता.

१८५३ च्या आधीचे रूळ

शोधायला बसलो आणि पहिल्याच आठवड्यात क्रम उलटा झाला.

मद्रासजवळ रेड हिल्स नावाचा भाग आहे. तिथे जांभा दगड मिळतो. शहरातले रस्ते बांधायला तो दगड हवा होता, म्हणून १८३७ च्या सुमारास रेड हिल्सपासून चिंताद्रिपेठेपर्यंत रूळ टाकले गेले. या कामामागचं नाव आर्थर कॉटन, लष्करातले इंजिनियर. विल्यम एव्हरी यांच्या बनावटीचं वाफेचं इंजिनही या मार्गावर चालवलं गेलं. म्हणजे बोरीबंदरच्या समारंभाला अजून सोळा वर्षं होती.

हेच कॉटन पुढे गोदावरीवर येतात. नाशिकजवळ उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीवर, राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरमला मोठा बंधारा बांधायचा होता. त्यासाठी लागणारा दगड खाणीतून नदीपर्यंत आणायला १८४५ च्या सुमारास रूळ टाकले गेले.

तिसरं उदाहरण रुरकीचं. गंगेच्या कालव्याला सोलानी नदी ओलांडायची होती, त्यासाठी जलसेतू बांधायचं काम चालू होतं. या कामावर माती आणि बांधकामाचं साहित्य ओढायला 'थॉमसन' नावाचं वाफेचं इंजिन आणलं आणि १८५१ च्या डिसेंबरात ते चाललं. नाव त्या वेळच्या वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरचं.

आणि चौथं उदाहरण थेट मुंबईचं. बोरीबंदर–ठाणे मार्ग बांधायचं कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर यांच्याकडे होतं. त्यांच्याकडे १८५२ मध्ये भायखळ्याला एक इंजिन कामाला होतं, 'लॉर्ड फॉकलंड'. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं हे इंजिन बांधकामाच्या वाघिणी ओढत होतं. ज्या मार्गाच्या उद्घाटनाला आपण 'पहिली रेल्वे' म्हणतो, तो मार्ग बांधतानाच त्यावर इंजिन धावत होतं. फक्त मागे पाहुणे नव्हते.

आता ही चारही नावं रेल्वेच्या इतिहासाच्या पुस्तकांत मिळतात. कोणी ती दडवून ठेवलेली नाहीत. पण बहुतेक वेळा ती 'पार्श्वभूमी' म्हणून एका परिच्छेदात येतात आणि खरी गोष्ट १८५३ पासून सुरू होते. असं का?

मला दिसलेली कारणं अशी. एक, हे रूळ तात्पुरते होते. काम संपलं की उखडून दुसरीकडे नेले. दोन, त्यांना वेळापत्रक नव्हतं, तिकीट नव्हतं, स्टेशनची इमारत नव्हती, म्हणजे इतिहासकाराला सहज सापडेल असा कागद तयारच झाला नाही. आणि तीन, जे कागद तयार झाले ते रेल्वेच्या दप्तरात गेले नाहीत. ते कालव्याच्या, रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या कामाच्या हिशेबात गेले. रेल्वेचा इतिहास शोधणारा माणूस 'रेल्वे' असं लिहिलेल्या कपाटापाशी जातो. दगडाची गाडी बाजूच्या कपाटात असते.

ही गोष्ट तुमच्या विषयालाही लागू पडते. 'पहिला', 'पहिली' हा शब्द दिसला की विचारा: कशातला पहिला? १८५३ ही भारतातली पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे आहे, यात काही शंका नाही. विशेषण गाळलं की मात्र ते वाक्य खोटं होतं.

मोशीचा रविवार आणि थोडं गणित

पुढचा प्रश्न माझ्यातल्या विज्ञानवाल्याला पडला. दगडालाच एवढ्या लवकर रूळ का लागले? कापूस होता, धान्य होतं, मीठ होतं. मग दगडच का?

उत्तर शोधायला एका रविवारी मोशीला गेलो. पुणे–नाशिक रस्त्याने भोसरी ओलांडलं की मोशी लागतं. इंद्रायणी ओलांडून पुढे गेलं की चाकणचा पट्टा. आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या किती तरी इमारतींची खडी या परिसरातल्या खाणींतून आणि क्रशरवरून आलेली आहे. मी एका खाणीच्या कडेला, परवानगी घेऊन, वहीत नोंदी करत उभा राहिलो. तिथे रूळ सापडतील अशी अपेक्षा नव्हती आणि सापडलेही नाहीत. हायवा सापडले. खाली खोलवर पोकलेन दगड भरतोय आणि भरलेले हायवा पहिल्या गियरमध्ये कण्हत कण्हत वर येताहेत. एक वर आला की एक रिकामा खाली. मी घड्याळ लावून त्यांच्या फेऱ्या मोजल्या, लहानपणीच्या वाघिणींसारख्याच.

आता गणित बघा, सोपं आहे. सपाट जागेवर वजन ओढताना चाकाच्या घर्षणाविरुद्ध बळ लावावं लागतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर असेल तर जुन्या पद्धतीच्या वाघिणीला टनामागे साधारण ५ किलोग्रॅम वजनाएवढं बळ पुरतं. खाणीतल्या कच्च्या, खडबडीत रस्त्यावर टायरच्या गाडीला हेच ३० ते ५० लागतं. म्हणजे १० टन दगडाला रुळावर ५० किलो, कच्च्या रस्त्यावर ३०० ते ५००. लाकडी चाकाची बैलगाडी पावसाळ्यात काय करत असेल ते तुम्हीच ठरवा.

दगड स्वस्त आणि जड असतो. कापसाच्या गाठीच्या किमतीत वाहतुकीचा खर्च सहज मुरतो. दगडाच्या बाबतीत काही मैलांतच वाहतूक मालापेक्षा महाग होते. म्हणून ओढण्याची मेहनत कमी करण्याची निकड सगळ्यात आधी दगडवाल्यांना होती. रूळ तिथे आधी पोचले, यात नवल नाही.

पण याच गणिताची दुसरी बाजूही आहे. चढ आला की काय होतं? ५० मीटर लांबीत १ मीटर चढ असेल तर टनामागे आणखी २० किलो बळ लागतं. हे २० किलो रुळावरही तेवढेच आणि रस्त्यावरही तेवढेच. १० टनांसाठी रुळावरचे ५० किलो आता २५० झाले, म्हणजे पाचपट. कच्च्या रस्त्यावरचे समजा ४०० होते, ते ६०० झाले, म्हणजे दीडपट. चढ आला की रुळांचा फायदा असा झपाट्याने कमी होतो.

उतारावर याच्या उलट. १०० मीटरला १ मीटर उतार असला तरी टनामागे १० किलो बळ गुरुत्वाकर्षणच देतं, आणि घर्षण तर ५ किलोचंच आहे. वाघीण आपोआप चालू लागते. इंजिनाची गरज नाही, ब्रेकची गरज आहे. वेल्समधली फेस्टिनिऑग रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली ती याच तत्त्वावर. पाटीच्या दगडाने भरलेल्या वाघिणी डोंगरातून बंदरापर्यंत उतारावरून स्वतः यायच्या. घोडेही त्याच गाडीत मागच्या वाघिणीत उभे राहून खाली यायचे आणि रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायचे. तिथे वाफेची इंजिनं आली ती १८६३ मध्ये. या मार्गाचा उतार सरासरी ८० ला १ च्या आसपास आहे. वरच्या आकड्यांत घालून बघा, गणित जुळतं.

म्हणून खाणीची रेल्वे टेकडीच्या खाणीला शोभते: भरलेला माल खाली, रिकाम्या वाघिणी वर. मोशीची खाण याच्या बरोबर उलट आहे. ती जमिनीत खाली खाली जाते, म्हणजे भरलेला माल नेहमी चढावर. त्यात खाणीचा काठ दर महिन्याला सरकतो, त्यामुळे रूळही दर महिन्याला सरकवावे लागले असते. हायवाला हा त्रास नाही. तो चालेल तिथे रस्ता. मोशीत रूळ का नाहीत, याचं उत्तर मला त्या काठावर उभं राहून मिळालं. ग्रंथालयात बसून हा प्रश्नच सुचला नसता.

खाणीचं इंजिन कसं ओळखायचं

खाणीतलं इंजिन आणि मेल गाडीचं इंजिन यांत बैल आणि शर्यतीचा घोडा यांच्याएवढा फरक. खाणीच्या इंजिनाला वेग नको, ओढ हवी. म्हणून चाकं लहान, बहुतेक वेळा चार किंवा सहा, आणि सगळीच्या सगळी दांड्यांनी जोडलेली, म्हणजे इंजिनाचं पूर्ण वजन पकड घेण्याच्या कामी येतं. कोरड्या रुळावर ही पकड वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी असते. २० टनांचं इंजिन साधारण ४ ते ५ टनांची ओढ देऊ शकतं, त्याहून जास्त ताकद लावली तर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात.

वळणं अरुंद, म्हणून चाकांमधलं अंतर कमी. पाण्याची टाकी वेगळ्या डब्यात न ठेवता बॉयलरवरच खोगिरासारखी बसवलेली, त्यामुळे लांबीही वाचते आणि पाण्याचं वजनही चाकांवर येतं. पुढे मागे दोन्हीकडे सारखं चालणारं, कारण खाणीत इंजिन फिरवायला जागा कुठली?

हे वर्णन लक्षात ठेवा. जुन्या फोटोत असं बुटकं, खोगिरी टाकीचं इंजिन दिसलं, तर बहुधा ते बांधकामाचं, बंदराचं, कारखान्याचं किंवा खाणीचं आहे. फोटोखाली 'रेल्वे स्टेशन' लिहिलं असलं तरी आधी शंका घ्या.

कांदिवली ते मरीन लाइन्स

महाराष्ट्रातलं माझं मुख्य उदाहरण कांदिवलीचं आहे. आज तिथे लोकलच्या गर्दीत उभं राहून कोणाला सांगितलं की या स्टेशनची एके काळची महत्त्वाची सवारी म्हणजे दगड, तर तो हसेल.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची प्रचंड टंचाई होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये विकास खातं उभं राहिलं आणि बॅकबे, म्हणजे चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्र, भरून काढायची योजना हाती घेतली गेली. सुमारे १,१४५ एकर जमीन, आठ भागांत. आधी समुद्रात दगडी भिंत घालायची, मग ड्रेजरने बंदरातला गाळ उपसून नळांतून भिंतीच्या आत सोडायचा, अशी कल्पना.

भिंतीला दगड हवा होता, तोही डोंगराएवढा. तो कांदिवली स्टेशनच्या पूर्वेकडच्या टेकडीतून काढला गेला. खाणीपासून रूळ टाकले आणि दगडाच्या गाड्या मरीन लाइन्सच्या बाजूला समुद्रापर्यंत येऊ लागल्या. वरच्या गणिताशी ताडून बघा: खाण टेकडीत, काम समुद्रसपाटीला, भरलेला माल उताराकडे, आणि एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं लाखो टनांची मागणी. रेल्वेसाठी यापेक्षा सोयीची खाण कुठली असणार? कामगार आणि अधिकारी यांच्यासाठी खाणीजवळ घरं उभी राहिली आणि त्यांना वीज पुरवायला वीजघरही. कांदिवलीच्या वाढीत या खाणीचा वाटा आहे.

दगड वेळेवर आला, तरी योजना फसली. ड्रेजर अपेक्षेएवढा गाळ उपसत नव्हता आणि भिंतीच्या आत सोडलेला गाळ दगडांच्या फटींतून परत समुद्रात जात होता. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत हे प्रकरण लावून धरलं. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन त्यातून निर्दोष सुटले. काम मधेच आवरतं घेतलं गेलं. सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन भाग भरले, मधले चार पाण्यातच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांतल्या काही पाण्यावर जी जमीन उभी राहिली, तिला नाव मिळालं नरिमन पॉइंट.

इथे संशोधनाच्या दृष्टीने एक गंमत आहे. घोटाळा झाला म्हणून चौकशी झाली. चौकशी झाली म्हणून साक्षी नोंदल्या, हिशेब तपासले, दगड आणि गाळ यांचे आकडे छापले गेले. योजना सुरळीत पार पडली असती तर दगडाच्या गाडीबद्दल एवढं लिहून ठेवायची गरज कोणाला पडली असती? लक्षात ठेवा, सुरळीत चाललेल्या कामाचा कागद पातळ असतो. भांडणाचा कागद जाड असतो. तुमच्या विषयात भांडण कुठे झालं ते शोधा. माहिती तिथे साठलेली असते.

पण त्या जाड कागदांतही एक जागा रिकामी राहते. अधिकाऱ्यांची नावं आहेत, ड्रेजरला तर गव्हर्नरचंच नाव होतं. टेकडीवर पहार आणि घण चालवणाऱ्यांची नावं नाहीत. आपल्याकडे दगड फोडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा वडार समाज आहे. खाणी, धरणं, रस्ते, रेल्वे, सगळीकडे त्यांचे हात लागलेले आहेत. कागदात ते येतात तेव्हा संख्या म्हणून येतात. बोरघाटाच्या बांधकामाचंही तसंच: १८६१ मध्ये तिथे ४२,००० पर्यंत माणसं कामावर होती हा आकडा आपल्याला माहीत आहे. त्यांतल्या एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? मलाही नाही.

मुळशी: गाडी अडवणारा माणूस

आतापर्यंत आपण गाडीकडे गाडीच्या बाजूने बघितलं. आता दुसऱ्या बाजूने बघू, आणि ही बाजू आपल्या अगदी दाराशी आहे. वाकडच्या पुलावरून खाली दिसणारी मुळा नदी मुळशीहून येते.

टाटांनी मुळशीला वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्या धरणाखाली मावळातली पन्नासएक गावं आणि त्यांची भातखाचरं जाणार होती. लोकांनी सत्याग्रह सुरू केला तो १९२१ च्या रामनवमीला. तारीख बघा: १६ एप्रिल. बोरीबंदरच्या तोफांना त्या दिवशी बरोबर अडुसष्ट वर्षं झाली होती. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला ती तारीख आता एका अर्थाने वाचता येत नाही.

या लढ्याचे एक नेते पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे, एडिंबरोला इंजिनियरिंग शिकायला गेलेले. मुळशीनेच त्यांना 'सेनापती' केलं. धरणाच्या कामावर साहित्य नेण्यासाठी रूळ टाकलेले होते. लढा मोडत आला, बरेच जण थकले, तेव्हा १९२४ च्या अखेरीस बापट आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी रुळांवर दगड रचून बांधकामाची गाडी अडवली, तीही शस्त्रं हातात घेऊन. सात वर्षांची शिक्षा झाली. सुटले ते १९३१ मध्ये. तोपर्यंत धरण भरून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली होती.

इंजिनियरिंग शिकलेल्या माणसाने नेमके रूळच का निवडले? मला वाटतं, त्याला कळत होतं की धरण म्हणजे भिंत नाही. धरण म्हणजे भिंतीपर्यंत येत राहणारं साहित्य. ती धार तुटली की भिंत थांबते. बांधकामाच्या रेल्वेचं महत्त्व इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी ओळखलं असेल, आणि ज्याने ओळखलं तो ती थांबवायला निघाला होता.

मी रेल्वेवेडा आहे, बुटकी इंजिनं बघून मला आजही आनंद होतो. पण मुळशी वाचल्यापासून प्रत्येक गाडीबद्दल एक जास्तीचा प्रश्न वहीत लिहितो: ही गाडी कोणासाठी काय नेत होती, आणि कोणाच्या जमिनीवरून?

वेड्यांच्या वह्या

शेवटचा मुद्दा साधनांचा. खाणी आणि कारखान्यांच्या इंजिनांची माहिती सरकारी दप्तरात तुटक असेल, तर ती आहे कुठे? बरीचशी हौशी लोकांच्या वह्यांत आहे. ब्रिटनमध्ये इंडस्ट्रियल रेल्वे सोसायटी नावाची संस्थाच आहे. तिचे सभासद वर्षानुवर्षं खाणी, साखर कारखाने, बंदरं फिरून इंजिनांच्या याद्या करत आले, त्यात भारतातल्याही. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे जिच्यासाठी होती ती पाटीच्या दगडाची खाण १९४६ मध्ये बंद पडली. रेल्वे मात्र १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. अशा प्रकारे वाचवलेली जगातली ती पहिली रेल्वे मानली जाते. आणि इथे 'कशातली पहिली' हे नीट सांगितलेलं आहे, बरं का.

हे लोक बघतात काय? इंजिनाच्या बाजूला धातूची पाटी असते: बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक, वर्ष. त्या क्रमांकावरून कारखान्याच्या नोंदवहीत जाता येतं: इंजिन कोणी मागवलं, कोणत्या गेजचं, कुठे पाठवलं. मग चाकांची मांडणी, टाकीचा प्रकार, रुळांमधलं अंतर. शेवटी तारीख आणि स्वतःची सही. आपण प्रयोगशाळेत नमुन्यावर लेबल लावतो त्यापेक्षा हे वेगळं नाही.

तुम्हीही असं काही बघायला गेलात तर थोड्या सूचना. खाणीत परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका. सुरुंगाची वेळ आधी विचारा. हेल्मेट आणि बूट घाला. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसांशी बोला. जुन्या मुकादमाला पंधरा मिनिटांत जेवढं आठवतं तेवढं फाइलीत नसतं. पण त्याचं बोलणं तपासून घ्या, तशी फाइलही तपासून घ्या. आणि जे दिसलं नाही तेही लिहा. "मोशी: रूळ नाहीत" ही माझ्या वहीतली नोंद वाटते फालतू, पण चढ-उताराचा सगळा विचार तिच्यातूनच निघाला.

तो शब्द

सिनॉप्सिस दुरुस्त करून मॅडमकडे नेलं. आता तिथे असं लिहिलंय: "भारतात सार्वजनिक प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. दगड, माती आणि बांधकामाचं साहित्य मात्र त्याच्या आधीपासून रुळांवरून जात होतं." मॅडमनी 'त्याच्या आधीपासून'वर पेन्सिल टेकवली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आता रूळ टाकणाऱ्यांबद्दल कुठून मिळवणार?"

त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. माझं चौथं प्रकरण तेच आहे.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विषयाच्या सारांशातली पहिली तीन वाक्यं काढा. त्यांत 'पहिला', 'त्यानंतर', 'त्यामुळे' यांपैकी कुठला शब्द आहे का बघा. असेल तर त्याभोवती पेन्सिलीने गोल करा आणि समोर लिहा: कशावरून?